माजघराची भिंत : चुना, काव आणि २२ फुलं

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

वेंगुर्ल्याजवळचं आमचं जुनं घर. माजघराची लांब भिंत २२ फूट, उंची साडेनऊ. बांधकाम चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, वर चुन्याचा जुना गिलावा. खालचे चार फूट हिरवा ऑइल पेंट, मी शाळेत होते तेव्हाचा. त्याच्या वर दहा-बारा वर्षांपूर्वीचं फिकट गुलाबी इमल्शन. हिरव्याला फोड आलेत. गुलाबीचे पोपडे रोज सकाळी देव्हाऱ्यासमोर पडलेले असतात आणि आत्ये काही न बोलता ते केरात भरते.

दिवाळीला सगळे जमले तेव्हा ठरलं की या भिंतीवर यंदा ‘कायतरी वेगळा’ करायचं. भावाला टेक्स्चर हवं, वहिनीला सोनेरी पट्टे, पुतण्याला जंगल आणि त्यात वाघ. मी घरून काम करतेय, जानेवारीपर्यंत इथेच आहे. तेव्हा काम कोणाच्या गळ्यात पडणार हे उघड होतं.

आज फक्त मोजमाप आणि फोटो. बोटाच्या पेराने ठोकत अख्खी भिंत फिरले. पोकळ वाजलं तिथे खडूने गोल केला. सात गोल, सगळे छातीच्या खाली.

सोमवार, ११ नोव्हेंबर

काल पारदर्शक प्लास्टिकचे फूटभर तुकडे चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद केले होते. एक जमिनीपासून २ फुटांवर, एक ७ फुटांवर. आज खालच्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब, वरचा कोरडा ठणठणीत. थेंब आतून आले म्हणजे ओल भिंतीतलीच, खोलीतल्या हवेची नव्हे.

जोत्यात ओल अडवणारा थर जुन्या घरांना नसतोच. जमिनीतलं पाणी चिऱ्यातून वर चढतं आणि तीन-साडेतीन फुटांपर्यंत पोचता पोचता भिंतीतून बाहेर उडून जातं. आम्ही ती वाट ऑइल पेंटने बंद केली, म्हणून फोड.

एका ठेकेदाराला फोन केला. न बघताच म्हणाला, “वॉटरप्रूफ पुट्टीचे दोन हात, वर टेक्स्चर, पाच वर्षं बघायला नको.” अडवलेली ओल जाणार कुठे, हे मी विचारलं. त्यावर त्याने पत्ता विचारला. नको म्हटलं.

टेक्स्चर बाद. सोनेरी पट्टेही बाद. वाघाचं नंतर बघू.

बुधवार, १३ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. दुपारी आत्येने वृंदावन खरवडून चुन्याचे दोन हात दिले आणि कोनाड्याभोवती कावेची, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाची, किनार ओढली. पट्टी नाही, सूत नाही, हात सरळ. चुना अजून ओलसर होता तोवरच तिने काव लावली. मी म्हटलं, वाळू दे की आधी. म्हणाली, वाळल्यावर लावली तर हाताला लागते.

भिंतीचं उत्तर तिथेच मिळालं. गोव्यात, तळकोकणात आणि खाली कारवार-उडुपीपर्यंत जुन्या देवळांत आणि घरांत कावी काम असतं. पांढऱ्या चुन्याचा थर, तो ओला असतानाच वर कावेच्या लाल चुन्याचा पातळ थर, आणि तो घट्ट व्हायच्या आत अणकुचीदार हत्याराने लाल खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. म्हणजे नक्षी रंगवायची नाही, रंग काढून घ्यायचा. दोन्ही थर चुन्याचेच, त्यामुळे भिंतीतली ओल अडत नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

गोव्यात मोरजीला जाऊन आले, मोरजाईच्या देवळात. फोटोत हे काम छापल्यासारखं सपाट दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की पांढरी रेघ लालपेक्षा किंचित आत बसलेली असते आणि तिरप्या उजेडात कडेला बारीक सावली पडते. रेघांची जाडी सारखी नाही. कुठे हात थांबला तेही दिसतं. मला हे फार आवडलं. विकतच्या स्टेन्सिलमध्ये हे मिळत नाही.

पिंगुळीच्या चित्रकथीतली चित्रं भिंतीवर मोठी करून काढू, असं भावाने सुचवलं. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात आहे. मी नको म्हटलं. ती चित्रं गोष्ट सांगताना एकामागून एक पुढे धरण्यासाठी आहेत. त्यातलं एकच उचलून सोफ्याच्या वर टांगायचं म्हणजे नाटकातलं एकच वाक्य पाठ म्हणण्यासारखं. नुसती नक्षी बरी.

रविवार, १७ नोव्हेंबर

गवंडीकाका आले. वय सत्तरच्या पुढे, आता काम करत नाहीत, पण चुना म्हटल्यावर आले. भिंतीकडे बघून पहिला प्रश्न, “हो तेलाचो रंग कोणी मारल्यान?” आत्ये लगबगीने चहा ठेवायला आत गेली. माझ्या वडिलांनीच मारला होता.

त्यांनी शिंपल्यांचा कळीचा चुना आणून दिला होता, १५ किलो. अंगणात लोखंडी पिंपात विरवला. पाणी आधी, चुना नंतर, थोडा थोडा. उलट केलं तर उसळून अंगावर येतो. दोन-तीन मिनिटांत पाणी खदखदायला लागलं, पिंपाला हात लावता येईना. प्लास्टिकची बादली का चालणार नाही ते समजलं. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, पुतण्या ओटीवर कोंडलेला.

आता वर चार बोटं पाणी ठेवून झाकून टाकलाय. नक्षीसाठी निदान चार आठवडे मुरू द्यायचा. “जितको मुरात तितको लोण्यासारखो होतलो.”

रविवार, २४ नोव्हेंबर

आठवडाभर रोज संध्याकाळी दोन तास खरवडणं. गुलाबी इमल्शन पाणी मारून पातळ पत्र्याने सोललं तर हातभर सालं निघतात, त्यात एक समाधान आहे. हिरवा ऑइल पेंट मात्र चिवट.

हा हिरवा कोरडा घासायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. जुन्या ऑइल पेंटवर पॉलिश पेपर मारला की ती धूळ घरभर होते आणि घरात सहा वर्षांचं पोर आहे. म्हणून पाणी फवारून ओलं खरवडायचं, खाली ताडपत्री, तोंडाला एन-९५, निघालेलं सगळं गोणीत बांधून वेगळं ठेवायचं. जाळायचं तर मुळीच नाही. आत्येने बंबात घालायची तयारी केली होती.

हिरव्याखाली पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं मीठ. झाडणीने कोरडाच झाडला. पाण्याने धुतला तर मीठ विरघळून परत आत जातं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

पोकळ वाजणारे सात गोल फोडून चुन्याच्याच गिलाव्याने भरले. सिमेंट वापरलं असतं तर दोन दिवसांत उरकलं असतं, पण सिमेंटचं ठिगळ कडक होतं, ओल त्याच्या कडेने वाट काढते आणि शेजारचा मऊ चुना सुटतो.

रेतीवरून बोलणी खाल्ली. मी घराजवळच्या पुळणीवरून दोन घमेली आणली होती. काकांनी चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकली. “समुद्राची रेती नको गो बाय, मीठ वर येतला.” मग नदीची आणली, तीही तीन पाण्यांत धुतली.

रविवार, ८ डिसेंबर

नमुने. मोडक्या मंगलोरी कौलांच्या पाठीवर. काव रात्रभर पाण्यात भिजवून मग चुन्यात मिसळली. कोरडी टाकली की गुठळ्या राहतात आणि थापी फिरवल्यावर लाल ओरखडे उठतात.

वीस भाग चुन्याला एक भाग काव : वाळल्यावर ओठांच्या मलमासारखा गुलाबी. पाच भागांना एक : ओला असताना देखणा, वाळल्यावर बोटाला लागला, कारण काव धरून ठेवायला चुनाच पुरला नाही. दहाला एक : वाळल्यावर विटेसारखा. हाच घेतला. ओल्याचा रंग बघून काही ठरवायचं नाही, वाळल्यावर तो निम्म्याने उतरतो.

बाजारातल्या निळ्या-हिरव्या रंगांच्या पुड्याही आणल्या होत्या. त्यातला एक निळा चुन्यात चार दिवसांत तपकिरी झाला. चुन्याचा क्षार सगळ्या रंगांना सोसत नाही. काव, गेरू, पिवडी (पिवळी माती) असे मातीतले लोहाचे रंग टिकतात, कपड्यांची नीळही टिकते. म्हणून जुन्या घरांत तेच चार रंग दिसतात. मला आजवर वाटायचं की आजोबांच्या पिढीला दुसरं काही आवडतच नसावं.

गिलाव्यात घालायला गुळाचं पाणी केलं होतं. झाकायला विसरले. सकाळी पातेल्यात मुंग्यांची जत्रा.

शनिवार, १४ डिसेंबर

आखणी. नक्षीचा पट्टा १४ इंच रुंद, जमिनीपासून पावणेसात फुटांवर सुरू. दाराच्या चौकटीच्या वरून सलग जातो आणि ओल तिथवर चढत नाही. नजरेला पाच फुटांवर बरा दिसला असता, पण नक्षी कुठे टिकेल हे प्लास्टिकच्या तुकड्याने महिन्यापूर्वीच सांगितलंय.

कावेत बुडवलेलं सूत मारून दोन आडव्या रेघा. लेव्हल ट्यूबने तपासलं तर दारापासून खिडकीपर्यंत छपराचा वासाच पाऊण इंच उतरलाय. पट्टा पाण्याच्या लेव्हलला ठेवला तर वाशाशेजारी तो तिरका दिसणार. फरक निम्मा वाटून घेतला. आता दोन्ही किंचित चुकीचे आहेत आणि कोणाला कळत नाही.

नक्षी : शाळेत सगळ्यांनी कंपासने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल. त्रिज्या तीच ठेवून परिघावर सहा वेळा टोक टेकवायचं. १० इंच व्यासाचं फूल, एका फुलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १२ इंच, म्हणजे २२ फुटांत बरोबर २२. मधल्या जागेत उभी जोड रेघ आणि वर-खाली एकेक लहान त्रिकोण. मोठा कंपास बांबूच्या कामटीचा केला, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला गोणपाट शिवायचा दाभण.

जुना गिलावा पट्ट्यापुरता छिन्नीने टोचून खडबडीत केला.

मधल्या काळात ओटीला पिवडीचे चार पातळ हात दिले. दुधासारखा पातळ चुना, काथ्याचा कुंचा, आधी भिंत ओली. लावताना काहीच दिसत नाही, वाटतं पाणीच फासतोय. दुसऱ्या दिवशी रंग वर येतो. ओटीबद्दल एवढंच.

शनिवार, २१ डिसेंबर

सुट्टी सुरू. पहिला दिवस, तीन फूट, तीन फुलं.

सकाळी ६ : पट्टा तीनदा भिजवला. ७ : पांढरा थर, साधारण ५ मिलिमीटर, मुरलेला चुना आणि वस्त्रगाळ रेती. साडेदहा : वर लाल, दीड मिलिमीटर, गुरमाळ्याने दाबून. दुपारी अडीचला दाभण लावला तर लाल चुरा होऊन पडायला लागला. बारीक भेगाही गेल्या होत्या.

काका दारातूनच ओरडले, “पंखो!”

मला उकडत होतं म्हणून मी पंखा लावून काम करत होते. चुना वाऱ्याने सुकवायचा नसतो. त्याने हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड व्हायचं असतं आणि त्यासाठी अंगात थोडी ओल लागते. पाणी आधीच उडून गेलं की तो नुसता खडू राहतो.

तिन्ही फुलं खरवडून काढली. तीन लिटर माल मातीत.

रविवार, २२ डिसेंबर

पंखा बंद, खिडकीला ओलं गोणपाट. वेळेचा अंदाज आला. पांढऱ्यावर अंगठा दाबला तर ठसा उठावा पण चुना बोटाला चिकटू नये, तेव्हा लाल. लालवर नख ओढलं तर ओरखडा कडेने स्वच्छ निघावा, तेव्हा कोरायला घ्यायचं. हे घड्याळावर बसत नाही. आज लाल थरानंतर तीन तास लागले, आणि त्यानंतर कोरायला मिळाले जेमतेम अडीच. त्याआधी लाल ओढलं जातं, त्यानंतर तुटतं.

आधी कंपासने सगळ्या कडा, मग पाकळ्यांतलं लाल सपाट टोकाच्या पत्तीने वरवर उचलायचं. पांढऱ्यात खोल जायचं नाही. भुगा फुंकायचा नाही, डोळ्यांत जातो. मऊ कुंच्याने खाली झाडायचा.

तीन फुलं झाली. पहिल्याच्या पाकळ्या लठ्ठ, तिसरं बरं. आत्ये बघून गेली. “रांगोळीसारखा दिसता.” तारीफ की काय, कळलं नाही.

सोमवार, २३ ते बुधवार, २५ डिसेंबर

रोज तीन. रोजच्या तुकड्याचा सांधा उभ्या जोड रेघेवरच थांबवायचा, म्हणजे तो नक्षीत लपतो. फुलाच्या मधोमध सांधा आला तर कायमचा दिसेल.

मंगळवारी सुट्टीतही ऑफिसचा कॉल आला, ‘पाचच मिनिटं’. पाऊण तासाने परतले तोवर पांढरा थर दगडी झाला होता. पाणी मारून लाल लावलाच. बुधवारी सकाळी आठव्या फुलावरचा लाल पापडासारखा सुटून लोंबत होता. आत्येचा वृंदावनाचा नियम मी कॉलवर असताना मोडला. आठवं पुन्हा केलं.

बोटांच्या पेरांना चुन्याने चिरा पडल्यात. भरपूर पाण्याने धुवायचं, मग खोबरेल. मोजे घालून दाभण नीट धरता येत नाही, म्हणून उजवा हात उघडा ठेवला. ही चूकच, पण केली.

शुक्रवार, २७ डिसेंबर

काकांनी सतरावं फूल स्वतः कोरलं. लाकडी घोडीवर चढू नका म्हटलं तर ऐकलं नाही. कंपास घेतला नाही. दोरीचा तुकडा आणि खिळा, पंधरा मिनिटांत फूल. पाकळ्यांची टोकं माझ्यासारखी सुईने काढल्यागत नाहीत, किंचित बोथट आहेत, आणि खालून बघताना तेच जास्त भरदार वाटतं. माझी फुलं वहीतली आहेत.

त्यानंतरच्या सगळ्यांची टोकं मी बोथट ठेवली. अठरापासून फरक दिसतो, दिसू दे.

रविवार, २९ डिसेंबर

बाविसावं झालं. बावीसच झाली पण शेवटची जागा अर्धा इंच कमी पडली. एका बाजूचा त्रिकोण अर्धाच आहे. कपाटाच्या मागे जाईल.

आता आठवडाभर दिवसातून दोनदा बारीक फवारा मारायचा. खालच्या आणि वरच्या भिंतीला चुन्याचे पाच हात, शेवटच्या हातात चिमूटभर नीळ. नीळ जास्त झाली की भिंत धोब्याकडून आल्यासारखी दिसते.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

पुतण्याची खोली. ही २००८ साली वाढवलेली, सिमेंटचा गिलावा, कोरडी. इथे चुन्याचा हट्ट नाही : प्रायमर, मग साध्या ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात.

वाघाच्या बदल्यात सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०, सगळी गोल. त्याला मासा, कासव, परशू आणि बाण एवढेच हवे होते. आठ इंचांची गोल पानं उशाच्या भिंतीवर उधळल्यासारखी टाकली. स्टेन्सिल आजोबांच्या जुन्या एक्स-रे फिल्मांतून कापले. याहून चांगली शीट दुकानात मिळत नाही. कासव आजोबांच्या फासळ्यांतून निघालंय.

रंग स्पंजवर घेऊन आधी वर्तमानपत्रावर जवळजवळ संपवायचा, मग टिपायचा. थबथबलेला स्पंज लावला की स्टेन्सिलखाली रंग पसरतो. गोलांभोवतीच्या रिंगणाला मास्किंग टेप लावून आधी टेपच्या कडेवर भिंतीचाच रंग फिरवला. जी काही गळती व्हायची ती त्या रंगाची होते, मग वरचा लाल धारदार उतरतो.

दोन दिवसांत खोली पूर्ण. माजघराला सात आठवडे लागले, त्यामुळे घरात या खोलीचंच जास्त कौतुक झालं.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडव्याला आले. पट्ट्याचा लाल अजून थोडा उतरलाय, आता छपराच्या कौलांशी जुळतो. हाताला लागत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या फुलाच्या सांध्यावर केसाएवढी भेग. ओल्या बोटाने चुन्याची पेस्ट भरून चालेल. आठव्याच्या एका पाकळीचा नखाएवढा टवका उडालाय. दुसऱ्यांदा करूनही तेच.

खालच्या भिंतीला फोड नाहीत. दाराच्या उजव्या बाजूला, दोन फुटांवर, मात्र लोणा परत आलाय, ताटाएवढ्या जागेत. तिथलं मीठ भिंतीतून निघून संपायला काही वर्षं जातील, तोवर झाडायचं आणि चुन्याचा हात द्यायचा. चुन्याचा डबा झाकून माजघरातच ठेवलाय.

हा डाग पहिल्यांदा मला दिसलाच नव्हता. पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून आत्येने त्याच्यासमोर पाट उभा करून ठेवलाय, आणि पाटाच्या आड गेलेली भिंत शेजारच्यापेक्षा दुप्पट ओली आहे. पाट काढला. संध्याकाळी तो परत जागेवर होता.